हिमांशूची पाळी

जुन्या सामानाच्या धंद्यात माणसाला एक खोड लागते. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की मी आधी वास घेतो. कपाटाला वाळवी असली तर वास येतो, गादी ओलीत राहिलेली असली तर येतो, आणि घरातलं बोलणं बंद झालेलं असलं तर त्याचाही येतो. हसू नका. बसा निवांत, चहा सांगितलाय.

शाळा माझी सातवीत सुटली. गाव पाचोड, पण हयात गेली इथं छावणीत. पुढचं सगळं मला मोडीत निघालेल्या वस्तूंनी शिकवलं. इंग्रजी अक्षरं मी फ्रिजच्या पाट्यांवरून ओळखायला लागलो, आणि कॉम्प्युटर म्हणाल तर लोकांनी बिघडले म्हणून टाकलेले उघडून उघडून शिकलो. सारजाबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणायची, "तुम्हाला माणसापेक्षा यंत्राचं पोट लवकर कळतं." ती गेल्यापासून मी दुकानाच्या मागच्याच खोलीत राहतो. जागा पुरते. एकट्याला लागते किती?

या धंद्यात मला आणलं कडूबामामानं. त्याचा एक नियम होता. चालू वस्तू उचलायची नाही. पंखा असो, रेडिओ असो, मालकानं स्वतःच्या हातानं बंद करून दिला पाहिजे, मगच ती आपली. "चलती चीज उठाने की नै, बेटा," म्हणायचा. "बंद किया नै, तो उसने छोडा नै." एकदा देवगाव रंगारीला त्यानं सुनेच्या सांगण्यावरून लंबकाचं घड्याळ चालूच उचललं. म्हातारी मालकीण आत झोपली होती. परत येताना घड्याळ टेम्पोत आडवं पडलेलं, लंबक काढून ठेवलेला, तरी आतून टिकटिक चालूच. मामानं अर्ध्या वाटेतून टेम्पो फिरवला. म्हातारीला उठवलं, तिचा हात धरून घड्याळावर ठेवला. ती म्हणाली, "थांब गं बाई आता." थांबलं. मामानं हे मला कितीदा तरी सांगितलं, आणि मी दरवेळी हसलो. पण नियम मात्र कधी मोडला नाही. एकदाच मोडला.

दुष्काळाचं साल होतं, मे महिना. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि पाणी चारी बाजूंनी आटत होतं. बीड बायपासच्या पलीकडं शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण नळाची लाइन तिकडं पोचलेलीच नव्हती. बोअरच्या भरवशावर लोकांनी घरं घेतली. बोअर आटले, मग टँकर आले, मग टँकरवरून भांडणं आली. ज्यांना दुसरीकडं थारा होता ते कुलूप लावून निघून गेले. माझा धंदा त्या उन्हाळ्यात जोरात होता. सांगायला बरं वाटत नाही, पण होता.

अशात एक दिवस फोन आला.

"काका, मी चारुता वैजापूरकर बोलतेय. बाबांना पुण्याला न्यायला येतेय. त्यांचा फ्लॅट रिकामा करायचाय. सगळं घेऊन जा. फक्त..."

"फक्त काय, ताई?"

"कॉम्प्युटर. तो बाबा देणार नाहीत. आणि तो तिथं राहिला तर बाबापण तिथंच राहतील." मग म्हणाली, "तुम्ही बोलण्यात हुशार आहात असं ऐकलंय. बघा काही जमतंय का."

दुसऱ्या दिवशी मी आणि माझा टेम्पोवाला कचरू भर दुपारी तिथं पोचलो. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. चार मजली इमारत, समोर रिकाम्या निळ्या ड्रमची रांग, प्रत्येक ड्रमवर फ्लॅटचा नंबर रंगवलेला. गरम वारा त्या ड्रमांच्या तोंडातून जाताना घूं घूं आवाज व्हायचा. चारुताताई गाडीजवळ सावलीला उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

"आम्ही एवढेच आहोत आता या बिल्डिंगमध्ये," त्या म्हणाल्या. "वॉचमनही आज गाशा गुंडाळतोय. मागच्या महिन्यात बाबा बाथरूममध्ये पडले, दुसऱ्या दिवशी टँकरवाल्यानं दार वाजवलं तेव्हा कुणाला कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आज ते आले नाहीत ना काका, तर पुढच्या वेळी मी त्यांना न्यायला नाही, पोचवायलाच येईन."

कचरू जिना चढताना म्हणाला, "शेठ, लई गार लागतंय वर जाताना."

"उन्हातून आलास म्हणून."

"व्हय, पन बाकीच्या बिल्डिंगीत असं नाय लागत."

प्रत्येक मजल्यावर बंद दारं, दारांवर नावाच्या पाट्या, पाट्यांवर धूळ. नाल्या कोरड्या पडल्या की त्यांचा एक उग्र वास सुटतो, तो जिन्यात भरून राहिला होता. तिसऱ्या मजल्यावर एकच दार उघडं होतं. आत शिरलो आणि सवयीनं वास घेतला. वाळलेल्या खसाचा. कूलरला कित्येक दिवसांत पाणी मिळालं नसावं. आणि त्या वासाखाली, कसं सांगू, नुकत्याच खाल्लेल्या संत्र्याचा. मे महिन्यात.

"या काकासाहेब. चारुतानं सांगितलं तुमचं नाव. बसा. पाणी विचारलं असतं, पण..."

मधुसूदनराव. उंच, वाळके, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. भूजल खात्यात नोकरी झाली होती त्यांची, गावोगावच्या विहिरींची पातळी मोजायची. पडदे ओढलेल्या खोलीत बाकी सगळं बांधून तयार होतं. कोपऱ्यात फक्त एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर चालू, आणि समोर दोन खुर्च्या. एक त्यांची. दुसरी रिकामी, पण तिच्यावरची उशी झटकून ठेवलेली.

मी इकडचं तिकडचं बोललो. कडूबामामाच्या घड्याळाची गोष्टही सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमचा मामा शहाणा होता. म्हणूनच मला हे बंद करता येत नाही. इथं एक डाव चालू आहे."

"कसला डाव, साहेब?"

"राज्य वसवायचा. हिमांशू, माझा मुलगा, त्यानं आणला होता हा खेळ. रोज रात्री जेवण झालं की एक पाळी माझी, एक त्याची. जास्त नाही. तो संत्रं सोलत सोलत खेळायचा. एक डाव वर्ष वर्ष चालायचा. गावं वसवायची, विहिरी खणायच्या, कोठार भरायचं, हद्द राखायची. ह्या सगळ्याचे मिळून मशीन गुण देतं. प्रत्येक पाळी संपली की एक ठिपका टाकतं."

"म्हणजे मोंढ्यात फळ्यावर भाव लिहितात तसं."

"तसंच. पण फळा झाकलेला. खेळ चालू असेपर्यंत दुसऱ्याचे गुण दिसत नाहीत. खेळ संपला की सगळे ठिपके जोडून रेघा दाखवतं, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. माझी हिरवी, त्याची लाल." बोलताना त्यांचा चेहरा उजळला. "कोण जिंकलं ते शेवटच्या आकड्यावरून कळतं हो. रेघ पाहिली की कोण कुठं घाबरलं, कुठं हावरटपणा केला, ते दिसतं. मी हजार विहिरींच्या अशा रेघा काढल्यात. मागच्या एका डावात हिमांशूला कावीळ झाली होती तेव्हाची त्याची रेघ बघाल तर लंगडत चालल्यासारखी. आणि या डावात भानुमती, हिमांशूची आई, गेली, त्या सुतकात आम्ही दोघं नुसतीच पाळी पुढं ढकलायचो. हात लावायचो नाही कशाला. ते दिवस रेघेत असणार. दोघांच्याही रेघा शेजारी शेजारी, सपाट. हात नाही लागला की रेघ सपाट होते, काकासाहेब."

मला सगळं समजायला लागलं होतं. तरी विचारलं, "हिमांशू आता कुठं असतो?"

"मागच्या दुष्काळात गेला. वाळूजहून घरी येत होता. मोटारसायकल टँकरखाली आली."

बाहेर ड्रमांमधून वारा घुमला. कचरू दाराशी सामान उचलत होता, तो तसाच थांबला.

"आणि डाव?" मी हळूच विचारलं.

"चालू आहे. माझी पाळी मी खेळतो. मग मशीन पडदा काळा करतं आणि लिहितं, हिमांशूची पाळी, बाकीच्यांनी तोंड फिरवा. मी तोंड फिरवतो."

"कुणापासून?"

"त्याच्या राज्यात डोकवायचं नाही हा आमचा करार आहे." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. "खिडकीकडं बघत एक बटण दाबतो, पाळी पुढं जाते. तीन वर्षं झाली. रोज वाटतं, त्याची रेघ नुसती सपाट जात असेल. आणि रोज वाटतं... नसेल तर? नसेल तर मी इथून गेल्यावर त्याची पाळी कोण देणार?"

मी व्यापारी माणूस. समोरच्याला अडकवणारी गाठ सापडली की तिथूनच सोडवायची, एवढं मला येतं. म्हणालो, "साहेब, मग आज पाहून टाकू. रेघ सपाट निघाली तर?"

"तर चारुताच्या गाडीत बसेन."

"आणि नाही निघाली तर?"

"तर तुम्ही टेम्पो घेऊन जा. तिलाही पाठवून द्या. मी हलणार नाही."

खाली ती पोरगी उन्हात उभी होती. मी मनात म्हटलं, मेलेल्या माणसाची रेघ सपाटच असणार. हा सौदा आपल्याच बाजूचा. "चालेल," म्हणालो.

"पण वाचावं तुम्हाला लागेल. मला मोठी अक्षरं कळतात, बारीक रेघा नाही दिसत. खोटं सांगणार नाही ना?"

"नाही."

"आधी एक शेवटची पाळी."

ते टेबलाशी बसले. बोटं सरावानं फिरत होती, डोळ्यांची त्यांना गरज नव्हती. पडदा काळा झाला. पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ते वाक्य आलं, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसं.

"तुम्हीही फिरवा," ते म्हणाले.

आम्ही दोघं खिडकीकडं तोंड करून राहिलो. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती. त्यांनी हात मागं नेऊन चाचपडत एक बटण दाबलं. टक्. मग हात पुढं घेऊन मांडीवर ठेवले. दोन्ही. मला दिसत होते.

मागं आवाज आला. टक्... टक् टक्... टक्.

माझी मान आपोआप वळायला लागली. त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी.

"येतो असा आवाज हल्ली," ते कुजबुजले. "कीबोर्ड जुना झाला की येतो."

संत्र्याचा वास आता स्पष्ट येत होता. सोललेल्या सालीचा. मी कचरूकडं पाहिलं. तो दारात नव्हता.

आवाज थांबला. आम्ही वळलो. रिकाम्या खुर्चीवरची उशी मी आलो तेव्हा फुगलेली होती. आता मधे दबलेली वाटली. वाटली म्हणतो, कारण खोलीत उजेड कमी होता, आणि माझी त्या क्षणी शपथ घ्यायची तयारी नव्हती.

"आता डाव संपवायला 'राज्य सोडा' असं लिहिलंय, त्यावर आणा," मी म्हणालो. मशीननं विचारलं, नक्की? त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं.

रेघा आल्या.

डावीकडून हिरवी आणि लाल, दोन्ही एकमेकींना घासत वर चढत होत्या. लाल पुढं, मग हिरवी पुढं, मग पुन्हा लाल. बापलेकांची कुस्तीच. मधे एक जागा, दोन्ही शेजारी शेजारी सपाट. सुतक. पुन्हा चढ. आणि मग लाल रेघ एका ठिकाणी पट्टीनं ओढल्यासारखी सरळ झाली.

"सापडली ती जागा?" त्यांनी विचारलं.

"सापडली."

"पुढं?"

मी काचेवर बोट ठेवून पुढं सरकवू लागलो. सपाट. सपाट. सपाट. माझा जीव भांड्यात पडला. हिरवी रेघ मात्र खाली खाली येत होती, कोठारं रिकामी, गावं ओस, म्हाताऱ्याचं राज्यात लक्षच नव्हतं. लाल तशीच सपाट.

आणि मग ती उठली.

आधी अगदी थोडी, जमिनीतून कोंब यावा तशी. मग पायरी, मग आणखी पायरी. मग सरसर वर. हिरवीला छेदून, तिच्या कितीतरी वर. शेवटच्या ठिपक्याशी ती अजून चढत होती, आत्ताच्या, आमच्यासमोरच्या ठिपक्याशी.

माझं बोट तिथंच थांबलं.

"काकासाहेब..."

काय सांगू तुम्हाला. खोलीत आम्ही दोघं होतो, आणि मला पाठीमागं तिसऱ्याचा श्वास ऐकू येत होता. शांत, लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा. खाली चारुताताईंनी गाडीचा हॉर्न एकदाच, दबकत वाजवला. मधुसूदनरावांचे पांढुरके डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते. शर्टाच्या बाहीतून त्यांचं मनगट दिसत होतं, काडी नुसती.

"सपाट आहे, साहेब," मी म्हणालो.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

मागचा श्वास थांबला.

त्याच वेळी लाइट गेली. यूपीएस दोन-तीनदा ओरडला आणि पडदा काळा झाला. मधुसूदनरावांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "म्हणजे मी उगाच तोंड फिरवत होतो." एवढंच. उठले, दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि भिंत धरत धरत जिना उतरून गेले. मागं वळून पाहिलं नाही.

कचरू वर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "शेठ, मालकानं बंद केलं का हातानं?"

"केलं," मी म्हणालो. "उचल."

घाईच तशी होती मला. जिन्यात त्याच्या काखेतून कीबोर्ड निसटला आणि दोन मजले खाली जाऊन त्याचे तुकडे झाले. बटणं सगळ्या पायऱ्यांवर विखुरली. आम्ही ती गोळा केली नाहीत.

मशीन मी दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्या खाटेसमोरच्या फळीवर ठेवलं. वर चादर टाकली. गिऱ्हाईक आलं की म्हणायचो, बिघडलंय. कचरू म्हणायचा, "मग भंगारात घाला की." मी म्हणायचो, बघू. रात्री खाटेवर पडलो की ती चादर दिसायची. सारजाबाई गेल्यावर त्या खोलीत असं कुणी नव्हतंच, जे माझ्याकडं तोंड करून बसेल.

त्या साली पाऊस चांगला झाला. बायपासच्या पलीकडं लोक परतले, त्या इमारतीत नवे भाडेकरू आले, तिच्या पुढं आणखी दोन उभ्या राहिल्या. दिवाळी झाली आणि चारुताताईंचा फोन आला. आवाज हसरा.

"काका, बाबांची दोन्ही ऑपरेशनं झाली. पेपर वाचतात आता, सगळ्यांच्या चुका काढतात. नातीला गणित शिकवतात. तुमचे उपकार आहेत हो. पण एक हट्ट धरलाय. त्या रेघा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्यात म्हणे. मशीन आहे ना अजून?"

नाही म्हणायला काय लागत होतं? विकलं, जळलं, काहीही. पण तोंडातून निघालं, "आहे."

कचरूनं विचारलं, "हातोडा आणू का, शेठ? नाव माझं घ्या. म्हनावं, कचऱ्यानं पाडलं. कीबोर्ड तर खरंच पाडलाय."

मी नको म्हणालो. ती रेघ पाहिली तर म्हातारा पुन्हा त्या घराकडं धावणार, हे मला दिसत होतं. पोरगी मला कधी माफ करणार नव्हती. पण उरलेलं खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

ते दोघं सकाळी आले. मधुसूदनराव भरले होते अंगानं, डोळ्यांवर नवा चष्मा. मी चहा मागवला, पुण्याच्या हवेची चौकशी केली, जितका वेळ काढता येईल तितका काढला. शेवटी मागच्या खोलीत गेलो. चादर काढली. वायर लावली. माउसनं खेळ उघडला. संपलेल्या डावांच्या रेघा तो जपून ठेवतो. रेघा आल्या आणि मी सरळ ती जागा पाहिली, जिथून लाल उठली होती.

सपाट.

पट्टीनं ओढल्यासारखी, अगदी शेवटच्या ठिपक्यापर्यंत. मी बोट फिरवलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेला कोंब नाही, पायरी नाही, काही नाही. मी जे सांगितलं होतं, तेच समोर होतं. त्या दुपारी मागं उभं राहून कुणीतरी ते ऐकलं होतं, आणि ऐकून हात काढून घेतला होता. बापाला जाता यावं म्हणून.

मधुसूदनराव चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहत होते. लाल रेघेवरून, हिरवीवरून, सुतकाच्या जागेवरून त्यांची नजर सावकाश फिरली. खाली कोपऱ्यात जरा जास्तच रेंगाळली. मग ते म्हणाले, "तुम्ही खरं बोललात, काकासाहेब." आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

कडूबामामाचा नियम पुरा झाला. माल आता रीतसर माझा होता. छातीवरचं ओझं उतरलं.

चारुताताई गाडीकडं गेल्या. मधुसूदनराव दारात चपला घालता घालता थांबले.

"एक विचारू? नाव तिसरं कुणी टाकलं त्यात?"

"कुठलं तिसरं?"

"पांढरी रेघ आहे ना खाली. बारीक. तुमच्या नावाची."

मी हसायचा प्रयत्न केला. "दोनच होत्या साहेब. मी पाहिल्या ना."

"तुमचं लक्ष लाल रेघेवर होतं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नव्या डोळ्यांनी माझ्याकडं, मग माझ्यामागं त्या खोलीकडं, खाटेकडं, एका ताटाकडं पाहिलं. "आमच्या दोघांच्या रेघा जिथं संपतात, तिथून निघते ती. उन्हाळ्यापासून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि सपाट नाहीये हां."

गाडी गेली.

बघायचं असेल तर मशीन चालू करावं लागेल. अजून केलेलं नाही. वायर काढून गुंडाळून ठेवली आहे, चादर पुन्हा टाकली आहे. कधी वाटतं, म्हाताऱ्यानं माझं खोटं ओळखलं आणि माझ्या भल्यासाठी तसंच एक खोटं मला परत दिलं. तेवढंच असेल. असावं.

पण दिवेलागणीला शटर ओढलं की मी मागच्या खोलीत येतो, ताट वाढून घेतो, जेवतो. मग खाटेवर बसून थोडा वेळ भिंतीकडं तोंड फिरवतो. का, ते मला विचारू नका. खोलीत कुठूनसा संत्र्याचा वास येतो. आणि मग पाठीमागं, चादरीखाली...

टक्. टक् टक्.

कीबोर्ड जुना झाला की येतो असा आवाज, मधुसूदनराव म्हणाले होते. त्या मशीनला कीबोर्ड नाही.